ॲनिमिया: हिमोग्लोबिन कमी आहे हे कळलं, पण ते का कमी आहे?

'रक्त कमी आहे, गोळ्या घ्या.' हे वाक्य कधीच ऐकलं नाही असं घर सापडणं कठीण. त्यानंतर काय होतं, तेही बहुतेक ठरलेलं असतं. घरात बीट, खजूर आणि गूळ येतो. गोळ्या आठ-पंधरा दिवस नेमाने घेतल्या जातात. मग पोट बिघडतं किंवा थोडं बरं वाटू लागतं आणि उरलेली पाकिटं कपाटात जातात. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी केली, की आकडा जवळपास तिथेच असतो.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के महिलांना ॲनिमिया होता. पुरुषांमध्ये हे प्रमाण २५ टक्के, तर सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये ६७ टक्के होतं. महाराष्ट्रातही चित्र फार वेगळं नव्हतं. इथे ५४ टक्के महिला आणि जवळपास ६९ टक्के बालकांचं हिमोग्लोबिन कमी भरलं.

गोळ्या आहेत, योजना आहेत, तपासणीही सोपी आहे. तरी आकडा का हलत नाही? त्याची कारणं अनेक आहेत, पण एक गोष्ट हमखास राहून जाते. ॲनिमिया हा ताप यावा तसा प्रकार आहे. ताप आला म्हणजे शरीरात कुठेतरी काहीतरी बिघडलंय, एवढंच कळतं. तो मलेरियाचा की टायफॉइडचा, हे शोधावं लागतं. हिमोग्लोबिन कमी असणंही तसंच. ते का कमी झालं, हे ठरल्याशिवाय उपचार पूर्ण होत नाही.

रक्त कमी होतं म्हणजे नेमकं काय कमी होतं?

'रक्त कमी आहे' म्हटलं की अंगातलं रक्त आटलं, असं अनेकांना वाटतं. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त असतं आणि ॲनिमियातही ते बहुतेक वेळा तेवढंच राहतं. कमी होतं ते त्यातलं हिमोग्लोबिन.

हिमोग्लोबिन हे तांबड्या पेशींमधलं प्रथिन. फुप्फुसातून प्राणवायू उचलायचा आणि मेंदू, हृदय, स्नायू यांच्यापर्यंत पोहोचवायचा, हे त्याचं काम. त्याच्या प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू असतात आणि प्राणवायू त्यांनाच चिकटतो. रक्ताचा लाल रंगही त्यातूनच येतो.

तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. त्यानंतर प्लीहा आणि यकृतात ती मोडीत निघते. तिच्या जागी हाडांमधल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत, नवी पेशी तयार होते. दर सेकंदाला सुमारे २० लाख नव्या पेशी बनतात. हा कारखाना तीन प्रकारे अडचणीत येऊ शकतो. कच्चा माल कमी पडला, तयार माल वाहून गेला, किंवा पेशी वेळेआधीच फुटू लागल्या. ॲनिमियाची जवळपास सगळी कारणं या तीन कप्प्यांत बसतात.

आणखी एक गोंधळ नेहमी होतो. 'बीपी लो झालं' आणि 'हिमोग्लोबिन कमी झालं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चक्कर दोन्हींत येऊ शकते, पण बीपी नॉर्मल असलं म्हणजे ॲनिमिया नाही, असं होत नाही. अंगाने भरलेल्या माणसालाही ॲनिमिया असू शकतो.

किती हिमोग्लोबिन म्हणजे कमी?

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार दर डेसिलिटर रक्तामागे हिमोग्लोबिन याहून कमी असेल तर त्याला ॲनिमिया म्हणतात:

- प्रौढ पुरुष: १३ ग्रॅम
- गर्भवती नसलेल्या प्रौढ महिला: १२ ग्रॅम
- गर्भवती महिला: ११ ग्रॅम (मधल्या तीन महिन्यांत १०.५ ग्रॅम)
- ५ ते ११ वर्षांची मुलं: ११.५ ग्रॅम

महिलांमध्ये हिमोग्लोबिन ८ च्या खाली, तर गर्भवतींमध्ये ७ च्या खाली गेलं, की तो तीव्र ॲनिमिया समजतात.

आकडा कसा मोजला, यानेही थोडा फरक पडतो. शिबिरात बोट टोचून काढलेल्या थेंबावर केलेली तपासणी झटपट होते, पण तिच्यात चूक होण्याची शक्यता जास्त. बोट जोरात दाबलं गेलं तरी आकडा बदलू शकतो. त्यामुळे शिबिरात हिमोग्लोबिन कमी आलं, तर दंडाच्या शिरेतून रक्त काढून प्रयोगशाळेत एकदा खात्री करून घेणं चांगलं.

शरीर काय सांगत असतं?

हिमोग्लोबिन हळूहळू घसरत असेल तर शरीर त्याच्याशी जुळवून घेतं. हृदय जरा जोरात धडधडतं, श्वास थोडा वाढतो आणि माणूस कामं करत राहतो. म्हणूनच ८ हिमोग्लोबिन असलेली बाई स्वयंपाक, शेती, नोकरी सगळं ओढत असते आणि 'मला काही होत नाही' असंच सांगते.

नेहमी दिसणारी लक्षणं अशी:

- जिना चढताना धाप लागणं, छातीत धडधडणं
- सतत थकवा, कामात लक्ष न लागणं, चिडचिड
- डोकं दुखणं, उठताना चक्कर येणं
- पापणीच्या आतली बाजू, जीभ, नखं फिकट पडणं
- केस गळणं, नखं पातळ होणं किंवा चमच्यासारखी खोलगट होणं

आणखी एक लक्षण लोक लाजेने सांगत नाहीत. माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ किंवा बर्फ खावासा वाटणं. मुलांना यावरून ओरडा बसतो, गर्भवतींची थट्टा होते. पण ही लोहाच्या कमतरतेची खूण असू शकते. ओरडण्याआधी रक्त तपासावं.

लोहाचा जमाखर्च

ॲनिमियाचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण म्हणजे लोहाची कमतरता. तिचं गणित समजलं, की बायकांनाच हा त्रास जास्त का होतो, ते लक्षात येतं.

प्रौढ शरीरात सगळं मिळून ३ ते ४ ग्रॅम लोह असतं. त्यातलं बहुतेक हिमोग्लोबिनमध्येच. जुन्या पेशी मोडल्या की शरीर त्यांच्यातलं लोह काढून पुन्हा वापरतं. भंगारात काही जात नाही. त्यामुळे अन्नातून रोज फक्त १ ते २ मिलिग्रॅम लोह शोषलं गेलं तरी भागतं. पुरुषाचा रोजचा खर्च साधारण १ मिलिग्रॅम.

बायकांच्या खात्यातून मात्र दर महिन्याला जादा रक्कम जाते. एक मिलिलिटर रक्तात सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. पाळीत ४० मिलिलिटर रक्त गेलं, तर २० मिलिग्रॅम लोह गेलं. ८० मिलिलिटरहून जास्त गेलं, तर ४० मिलिग्रॅमच्या वर. एका बाळंतपणाला, पोटातलं बाळ, वार आणि वाढलेलं रक्त धरून, साधारण १००० मिलिग्रॅम लोह जास्तीचं लागतं. दोन बाळंतपणांत अंतर नसेल तर ही भरपाई होतच नाही.

त्यामुळे अंगावरून जास्त जात असेल, दर दोन तासांनी पॅड बदलावा लागत असेल, गुठळ्या पडत असतील किंवा पाळी आठ-दहा दिवस चालत असेल, तर नुसत्या लोहाच्या गोळ्या पुरत नाहीत. नळ उघडा ठेवून टाकी भरण्यासारखं ते होतं. गर्भाशयातल्या गाठी, संप्रेरकांचा बिघाड, थायरॉइड यांची तपासणी करून आधी रक्तस्राव आटोक्यात आणावा लागतो.

पुरुषांमध्ये आणि पाळी बंद झालेल्या बायकांमध्ये नियम उलटा आहे. त्यांच्यात लोह कमी होण्याचं रोजचं कारण नसतं. लोह कमी आढळलं, तर ते कुठून जातंय हे शोधलंच पाहिजे. मूळव्याध, जठरातला अल्सर, वर्षानुवर्षं घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्या, आतड्यातले जंत आणि कधीकधी आतड्याचा कर्करोग. साठीतल्या माणसाचं हिमोग्लोबिन कमी आलं आणि 'वयानुसार होतं' म्हणून सोडून दिलं, तर आजार लवकर सापडण्याची संधी हातची जाते. अशा वेळी डॉक्टर शौचातलं रक्त तपासायला किंवा दुर्बिणीने तपासणी करायला सांगतात. ती टाळू नये.

लहान मुलांमध्ये कारण बहुतेक वेळा ताटात असतं. सहा महिन्यांनंतर नुसत्या दुधावर लोहाची गरज भागत नाही. दिवसभर दुधाच्या बाटल्या किंवा चहा-बिस्किटावर राहणाऱ्या मुलाचं पोट भरतं, पण लोह मिळत नाही.

मुंबईतली एक जुनी गोष्ट

लोह हेच प्रत्येक ॲनिमियाचं उत्तर नाही, याचा एक महत्त्वाचा धडा मुंबईतच मिळाला. १९२८ मध्ये ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. शहरातल्या गर्भवतींमध्ये, विशेषतः कापड गिरण्यांतल्या गरीब कामगार बायकांमध्ये, तीव्र ॲनिमिया दिसत होता. त्यात अनेकींचा जीव जात होता. या बायकांच्या तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या होत्या. लोहाच्या कमतरतेत पेशी लहान होतात. म्हणजे इथे कारण दुसरंच होतं.

परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना विल्स यांनी आधी जंतुसंसर्ग आणि मग आहार अशा दोन्ही शक्यता तपासल्या. आधी प्राण्यांवर आणि मग रुग्णांवर त्यांनी यीस्टचा अर्क वापरून पाहिला. ब्रिटनमध्ये पावाला लावून खाल्ला जाणारा मार्माइट हा तो स्वस्तातला पदार्थ. बायकांचं रक्त सुधारू लागलं. १९३१ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या अर्कात नेमकं काय आहे, हे तेव्हा कळलं नव्हतं, म्हणून त्याला 'विल्स फॅक्टर' म्हणू लागले. पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून जो पदार्थ वेगळा काढला गेला, त्याला फॉलिक ॲसिड हे नाव मिळालं. विल्स यांच्या हाती लागलेला घटक याच फोलेट गटातला होता.

आज गर्भवतींना सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लाल गोळीत लोहासोबत फॉलिक ॲसिडही असतं. त्यामागे गिरणगावातल्या त्या बायकांच्या रक्ताचे नमुने आहेत.

बी-१२: शाकाहारी घरांतला लपलेला त्रास

मोठ्या पेशींच्या ॲनिमियाचं दुसरं कारण म्हणजे बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. हे जीवनसत्त्व मांस, मासे, अंडी आणि दूध यांतूनच मिळतं. भाज्या, डाळी, फळं कितीही खाल्ली तरी त्यातून ते पुरेसं मिळत नाही. दूधही बेताचंच घेणाऱ्या शाकाहारी माणसांना याची कमतरता सहज होते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्येही बी-१२ कमी होऊ शकतं. काहींच्या शरीरात ते शोषून घेण्याची क्षमताच नसते.

यकृतात त्याचा साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे त्रास उशिरा दिसतो. हातापायांना मुंग्या येणं, तळपाय बधिर होणं, चालताना तोल जाणं, विसरभोळेपणा, जीभ लाल होऊन झोंबणं. कधीकधी हिमोग्लोबिन नॉर्मल असतानाच ही लक्षणं सुरू होतात.

इथे एक धोका आहे. बी-१२ कमी असताना नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेतल्या, तर हिमोग्लोबिन सुधारतं आणि सगळं ठीक झालं असं वाटतं. आत मात्र नसांचं नुकसान चालूच राहतं, आणि ते फार पुढे गेलं तर पूर्ण भरून येत नाही. म्हणून मुंग्या येत असतील तर बी-१२ तपासून घ्यावं. त्यावर गोळ्या आणि इंजेक्शन दोन्ही उपलब्ध आहेत.

सिकलसेल आणि थॅलेसेमिया: जन्मापासूनचं कारण

काही जणांच्या हिमोग्लोबिनची घडणच जन्मतः वेगळी असते. सिकलसेल आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, लहान रक्तवाहिन्यांत अडकतात आणि १२० ऐवजी १० ते २० दिवसांतच फुटतात. अचानक उठणाऱ्या असह्य वेदना, कावीळ, वारंवार होणारे संसर्ग ही याची लक्षणं. महाराष्ट्रात नंदुरबार, मेळघाट, गडचिरोलीसारख्या आदिवासी भागांत आणि विदर्भातल्या इतर काही समाजांतही हा आजार आढळतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचं लक्ष्य आहे. हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने वेदनांचे झटके कमी होतात, पण त्यासाठी आधी निदान व्हायला हवं.

बीटा थॅलेसेमियात हिमोग्लोबिन पुरेसं बनतच नाही. या आजाराचे वाहक, म्हणजे ज्यांना थॅलेसेमिया मायनर आहे असे लोक, सहसा निरोगी असतात. त्यांचं हिमोग्लोबिन थोडं कमी आणि पेशी लहान असतात. रिपोर्ट लोहाच्या कमतरतेसारखाच दिसतो. त्यामुळे अशी माणसं वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या घेत राहतात आणि आकडा हलत नाही. लोहाचा साठा पुरेसा असताना आणखी लोह घेण्यात फायदा नाही, उलट ते शरीरात साचू शकतं.

पती आणि पत्नी दोघंही एकाच दोषाचे वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला गंभीर आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणूनच ही तपासणी लग्नाआधी, निदान गर्भारपणाच्या सुरुवातीला व्हायला हवी. वाहक असणं हा आजार नाही आणि त्यात कुणाचा दोषही नाही. पण माहिती नसणं महागात पडतं.

मूत्रपिंडाचे जुने आजार, क्षयरोग, संधिवात यांतही हिमोग्लोबिन उतरतं. तिथे मूळ आजारावरच उपचार करावे लागतात.

सीबीसीचा रिपोर्ट कसा वाचायचा?

निदानाची सुरुवात सीबीसी या साध्या तपासणीने होते. बहुतेकांची नजर हिमोग्लोबिनच्या ओळीवर जाऊन तिथेच थांबते. त्याखालच्या दोन-तीन ओळी खरी दिशा दाखवतात.

एमसीव्ही: तांबड्या पेशीचा सरासरी आकार. साधारण ८० ते १०० दरम्यान असावा. ८० च्या खाली असेल तर पेशी लहान, म्हणजे संशय लोहाची कमतरता किंवा थॅलेसेमिया यांचा. १०० च्या वर असेल तर पेशी मोठ्या. मग बी-१२, फॉलिक ॲसिड, थायरॉइड, यकृत आणि दारू यांचा विचार होतो.

आरडीडब्ल्यू: पेशींच्या आकारात किती तफावत आहे, हे यातून कळतं. लोह कमी असताना हा आकडा वाढतो. लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असतील तर काही पेशी लहान, काही मोठ्या असतात. सरासरी नॉर्मल येते आणि आजार लपतो. आरडीडब्ल्यू तेव्हा उपयोगी पडतो.

आरबीसी काउंट: हिमोग्लोबिन थोडं कमी, पेशी लहान, पण त्यांची संख्या भरपूर असेल, तर थॅलेसेमिया मायनरची शंका घ्यावी.

यानंतर गरजेप्रमाणे पुढच्या तपासण्या होतात. फेरिटिनवरून शरीरातला लोहाचा साठा कळतो. निरोगी प्रौढात ते १५ च्या खाली असेल तर साठा संपलेला असतो. मात्र ताप, संसर्ग किंवा सूज असताना फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं. उलट, हिमोग्लोबिन नॉर्मल असूनही फेरिटिन तळाला गेलेलं असू शकतं. म्हणजे गल्ला भरलेला दिसतो, पण बँकेत काही शिल्लक नाही.

सिकलसेल आणि थॅलेसेमियासाठी एचपीएलसी किंवा हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस ही तपासणी करतात. तिचा नमुना रक्त चढवण्याआधी घ्यावा, कारण नंतर दुसऱ्याच्या रक्तामुळे निष्कर्ष चुकू शकतो.

गोळ्या कशा घ्यायच्या आणि किती दिवस?

लोहाच्या कमतरतेवर गोळ्या हा स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे. नीट घेतल्या तर तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन साधारण १ ते २ ग्रॅमने वाढायला हवं. तेवढं वाढलं नाही, तर गोळ्या नियमित घेतल्या का, रक्त कुठे जातंय का, निदान बरोबर होतं का, हे तीन प्रश्न विचारायचे असतात.

नेमकी चूक होते ती हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्यावर. शरीर मिळालेलं लोह आधी रक्तासाठी वापरतं, साठा शेवटी भरतं. म्हणून आकडा सुधारल्यानंतरही साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवायला सांगतात. मधेच सोडल्या, तर पुढच्या दोन-तीन पाळ्यांत आकडा पुन्हा खाली.

काही व्यवहारी गोष्टी:

- गोळी शक्यतो रिकाम्या पोटी, पाण्यासोबत किंवा लिंबूपाण्यासोबत घ्यावी. 'क' जीवनसत्त्वाने लोह चांगलं शोषलं जातं.
- मळमळत असेल तर जेवणानंतर किंवा झोपताना घ्यावी. गोळी बंद करण्यापेक्षा वेळ बदललेली बरी.
- चहा, कॉफी, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्यासोबत घेऊ नये. मध्ये एक-दोन तासांचं अंतर असावं.
- शौचाला काळी होणं हा गोळीचा नेहमीचा परिणाम आहे, घाबरू नये. मात्र गोळ्या चालू नसताना डांबरासारखी काळी आणि चिकट होत असेल, तर तो पोटातला रक्तस्राव असू शकतो.
- गोळ्या मुलांच्या हाताला लागू देऊ नयेत. लहान मुलाने एकदम बऱ्याच गोळ्या गिळल्या तर जीवाला धोका असतो.

जास्त गोळ्या घेतल्या म्हणजे लवकर गुण येतो, असंही नाही. लोहाचा डोस पोटात गेला की शरीरात हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि पुढचे सुमारे २४ तास लोह शोषण्याचं दार अर्धवट बंद करतं. लोह कमी असलेल्या तरुण महिलांवर झुरिकच्या संशोधकांनी केलेल्या अभ्यासात, एक दिवसाआड गोळी घेतल्यावर प्रत्येक गोळीतलं लोह जास्त शोषलं गेलं, असं २०१७ मध्ये दिसून आलं. ज्यांना रोजची गोळी सोसत नाही, त्यांनी गोळी सोडण्याआधी या पर्यायाबद्दल डॉक्टरांना विचारावं. गर्भवतींनी मात्र स्वतःहून असा बदल करू नये.

इंजेक्शन किंवा रक्त कधी लागतं?

गोळ्या अजिबात सोसत नसतील, आतड्याच्या आजारामुळे शोषल्या जात नसतील, किंवा बाळंतपण जवळ आलं असून हिमोग्लोबिन खूप कमी असेल, तर शिरेतून लोह देतात. ते दवाखान्यातच, देखरेखीखाली घ्यायचं असतं. गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ते देत नाहीत.

रक्त चढवणं हा सगळ्यात शेवटचा पर्याय. स्थिर प्रकृतीच्या रुग्णात साधारणपणे हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेलं, तर डॉक्टर त्याचा विचार करतात. 'ताकद येण्यासाठी एक बाटली चढवा' असा हट्ट धरू नये. गर्भवतीचं हिमोग्लोबिन ५ च्या खाली असेल, तर मात्र तिला लगेच रुग्णालयात दाखल करावं लागतं. आधीच रक्त कमी असलेल्या बाईला बाळंतपणात झालेला रक्तस्राव सोसत नाही.

बीट, खजूर आणि कढई

लाल रंगामुळे बीटाला मोठा मान मिळाला, पण १०० ग्रॅम बीटात लोह एक मिलिग्रॅमही नसतं. खजूर आणि गूळ खायला हरकत नाही, पण ॲनिमिया झाल्यावर त्यांनी भरपाई होत नाही. मधुमेह असेल तर त्यातली साखर उलट त्रासाची.

त्यापेक्षा मराठी स्वयंपाकघरात उपयोगाच्या बऱ्याच गोष्टी आहेत. बाजरी, अळीव, तीळ, मटकी, चवळी, कुळीथ, हरभरा, राजगिरा, हिरव्या पालेभाज्या. मांसाहार करणाऱ्यांसाठी मटण, कलेजी आणि मासे. मांसातलं लोह वनस्पतींतल्या लोहापेक्षा जास्त सहज शोषलं जातं. डाळी-उसळींवर लिंबू पिळलं, कडधान्यांना मोड आणले, जेवणासोबत आवळा किंवा पेरू घेतला, तर त्यांच्यातलंही लोह जास्त मिळतं. लोखंडी कढई आणि तव्याचाही हातभार लागतो. जेवणाला लागून चहा घेण्याची सवय मात्र मोडायला हवी.

आहार हा ॲनिमिया टाळण्यासाठी आणि पुन्हा होऊ नये म्हणून. एकदा साठा संपला, की औषध लागतंच.

सरकारी दवाखान्यात काय मिळतं?

२०१८ पासून 'ॲनिमिया मुक्त भारत' कार्यक्रम सुरू आहे. त्यात पाच वर्षांखालच्या बालकांना आठवड्यातून दोनदा लोहाचं सिरप, ५ ते ९ वर्षांच्या मुलांना आठवड्याला गुलाबी गोळी, १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना आठवड्याला निळी गोळी आणि गर्भवतींना १८० दिवस रोज लाल गोळी दिली जाते. बाळंतपणानंतरही १८० दिवस गोळ्या चालू ठेवायच्या असतात. मुलांना जंतनाशक गोळीही मिळते. अंगणवाडी, शाळा, आशा सेविका आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातून हे सगळं मोफत मिळतं. यातल्या आठवड्याच्या गोळ्या प्रतिबंधासाठी आहेत. ॲनिमिया झालेला असेल तर डोस वेगळा असतो आणि तो डॉक्टरांनीच ठरवायचा.

डॉक्टरांना काय विचाराल?

पुढच्या वेळी घरात कुणाचं हिमोग्लोबिन कमी आलं, तर हे चार प्रश्न विचारावेत:

१. हे कशामुळे झालं असावं? लोह, बी-१२, रक्तस्राव की जन्मजात कारण?
२. त्याची खात्री करायला आणखी कोणती तपासणी हवी?
३. गोळ्या एकूण किती महिने घ्यायच्या?
४. पुन्हा रक्त कधी तपासायचं?

बसल्या जागी धाप लागत असेल, छातीत दुखत असेल, भोवळ येऊन पडणं होत असेल, अंगावरून किंवा शौचावाटे खूप रक्त जात असेल, तर प्रश्नांसाठी थांबू नये, लगेच रुग्णालय गाठावं.

बाकी वेळी तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. गोळ्यांचं पाकीट कपाटात न ठेवता पाण्याच्या माठाजवळ, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवावं. तीन महिने गोळ्या चुकू नयेत, यासाठी एवढं पुरतं.